खेळाडूची सही खरी की खोटी: हे काम शिकू पाहणाऱ्यांसाठी

बडोद्यात दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या जुन्या मराठी घरांतून अजूनही आजोबांनी जमवलेल्या, क्रिकेट खेळाडूंच्या सह्यांच्या वह्या निघतात. कसोटीपटू विजय हजारे 2004 मध्ये वारले तोपर्यंत याच शहरात होते, दत्ताजीराव गायकवाड 2024 पर्यंत. चंदू बोर्डे इथूनच खेळले. त्यामुळे सह्या तपासायला माझ्याकडे माणसं येतात, आणि हल्ली हे काम शिकायचंय म्हणणारी मुलंही येतात. त्यांच्यासाठी हे लिहितोय.

पैशाचं आधी सांगतो. आपल्याकडे या कामाची तयार नोकरी नाही. अमेरिकेत पीएसए, जेएसए, बेकेट अशा कंपन्या नगावर फी घेऊन सह्या तपासतात. इथे संग्राहक, लिलाव करणारे आणि वारशाने वस्तू मिळालेली कुटुंबं एवढंच गिऱ्हाईक. म्हणून जोडीला दुसरं काम हवंच. मी जुन्या कागदपत्रांच्या जतनाचं काम करतो, आणि त्याचा इथे रोज उपयोग होतो.

शिक्षणाचे दोन रस्ते जवळच आहेत. महाराजा सयाजीराव विद्यापीठात 1952 पासून संग्रहालयशास्त्राचा विभाग आहे. वस्तू कशी हाताळायची, तिची नोंद कशी ठेवायची, ती कोणाकडून कोणाकडे आली हे कसं शोधायचं, ही शिस्त तिथे लागते. विज्ञानाची पदवी असेल तर गांधीनगरचं राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठ आहे. संशयित दस्तऐवजांची तपासणी हा त्या शास्त्राचाच एक भाग. पण क्रिकेटचा इतिहास दोन्हीकडे तुम्हाला कोणी शिकवणार नाही. तो स्वतःच वाचायचा, आणि माझ्या मते निम्मं काम तिथेच होतं.

उदाहरण घ्या. मार्च 1947 मध्ये बडोद्यात रणजी करंडकाची अंतिम लढत झाली, बडोदा विरुद्ध होळकर. हजारे 288, गुल महंमद 319, आणि चौथ्या विकेटसाठी दोघांची 577 धावांची भागीदारी. समजा, त्या सामन्याचं स्कोअरकार्ड तुमच्यासमोर आलं, दोघांच्या सह्यांसकट. दोन्ही सह्या बॉलपेनने केलेल्या. बॉलपेन अमेरिकेच्या बाजारात आलं ऑक्टोबर 1945 मध्ये. आपल्याकडे ते सर्रास दिसायला त्यानंतर बरीच वर्षं गेली. मग सह्या खोट्या? नवखा माणूस इथेच घाई करतो. हजाऱ्यांनी जुन्या कार्डावर उतारवयात सही केलेली असू शकते. पण मग अक्षरही उतारवयातलंच हवं. कार्डावरची सही तरुण हजाऱ्यांच्या वळणाची आणि पेन मात्र नंतरच्या काळातलं, असं असेल तर संशय घट्ट होतो. गुल महंमद पुढे पाकिस्तानात गेले, 1956 मध्ये पाकिस्तानकडून कसोटीही खेळले, 1992 मध्ये लाहोरला वारले. म्हणजे दोघांच्या सह्या एकाच पेनाने, एकाच शाईत असतील तर हे दोघं नंतर एकत्र कुठे आणि कधी आले, याचं उत्तर कार्ड आणणाऱ्याने द्यायला हवं. ते मिळेपर्यंत शिक्का मारायचा नाही.

त्यानंतर भिंग. दहापट मोठं दाखवणारं पुरतं. छापील सही असेल तर ठिपके दिसतात. फाउंटन पेनची शाई कागदाच्या तंतूंत किंचित पसरते, आणि दाब वाढला की निबाच्या दोन फाळ्यांची दुहेरी रेघ उमटते. नक्कल करणारा सही लिहीत नाही, काढतो. त्याची रेघ सावकाश जाते, मध्येच थरथरते, सुरुवात आणि शेवट बोथट असतात, भलत्याच जागी पेन उचललेलं दिसतं. खऱ्या सहीत झोक असतो, शेवटचा फराटा विरत जातो. अतिनील टॉर्चही जवळ ठेवा. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घातली जाणारी रसायनं साधारण 1950 नंतरची. 1947 चं म्हणून आणलेलं कार्ड त्या उजेडात निळसर चमकलं, तर सहीकडे बघण्याआधी कार्डाचीच चौकशी करा.

दोन सह्या एकावर एक ठेवल्यावर तंतोतंत जुळल्या तर आनंदू नका. कोणताही माणूस दोनदा हुबेहूब सारखी सही करत नाही. असं जुळणं म्हणजे यंत्र, रबरी शिक्का किंवा ट्रेसिंग. संघाच्या सह्यांच्या कागदांवर तर एका खेळाडूने दुसऱ्याचीही सही ठोकलेली असते. त्यात फसवण्याचा हेतू नसतो, पण सही त्याची नसते. बॅटवर मार्करची शाई लाकडाच्या रेषांतून पसरते, चेंडूच्या गोलाईवर अक्षर वाकडं होतं. म्हणून कागदावरचा नमुना घेऊन चेंडूवरची सही पारखताना फार जपून.

डोळा तयार होतो तो खऱ्या सह्या पाहून, खोट्या पाहून नव्हे. एक संघ, एक दशक निवडा आणि त्यातल्या प्रत्येक खेळाडूच्या पक्क्या मूळच्या सह्या वेगवेगळ्या वयांतल्या जमवा: पत्रं, करारपत्रं, तारीख असलेल्या वह्या. इंटरनेटवर विक्रीला असलेल्या सह्यांचे फोटो नमुना म्हणून कधीच वापरू नका. सोबत प्रमाणपत्र असलं तरीही नाही. 1990 च्या दशकात अमेरिकेत एफबीआयने ‘ऑपरेशन बुलपेन’मध्ये खोट्या सह्यांची जी टोळी पकडली, तिच्या मालाबरोबरही प्रमाणपत्रं होती. मेजर लीग बेसबॉलने 2001 पासून सही होतानाच आपला माणूस शेजारी उभा करून होलोग्राम लावायला सुरुवात केली. त्या पुराव्याला तोड नाही.

फी ठरलेली घ्या, वस्तूच्या किमतीचा टक्का कधीही नको. टक्का घेतला की ‘खरी’ म्हणण्यात तुमचा फायदा आला. जी वस्तू तपासली ती स्वतः विकत घ्यायची नाही. व्हॉट्सॲपवरच्या फोटोवर लेखी मत द्यायचं नाही. आणि अहवालात ‘मत देता येत नाही’ असं लिहायची तयारी ठेवा, गिऱ्हाईक नाराज झालं तरी.

सगळ्यात अवघड काम असतं ते एखाद्या काकांना त्यांच्या वडिलांच्या वहीबद्दल सांगणं. “काका, हे पान छापील आहे, पण पुढच्या तीन सह्या हातच्या आहेत,” असं मी सांगतो, भिंग त्यांच्या हातात देतो आणि त्यांचं त्यांना बघू देतो. एकदा ठिपके स्वतःच्या डोळ्यांनी दिसले की ते वाद घालत नाहीत, उलट पुढची पानं स्वतःच तपासू लागतात.