आधी खड्डा ओळखा, मग लेसर की फिलर ते ठरवा

पेशंट खुर्चीत बसायच्या आतच विचारतात, "मॅडम, लेसर करायचाय, किती सिटिंग लागतील?" मी आधी ट्यूबलाइट बंद करते आणि टॉर्च गालाच्या बाजूने धरते. समोरच्या उजेडात मुरमांचे खड्डे लपतात, तिरक्या उजेडात त्यांच्या सावल्या पडतात. घरी खिडकीशी उभं राहून हे तुम्हालाही जमेल.

आता दोन बोटांनी कातडी ताणा. खड्डा नाहीसा झाला तर तो 'रोलिंग'. त्याला खालून चिवट तंतूंनी ओढून धरलेलं असतं. ताणूनही कडा उभ्याच राहिल्या तर 'बॉक्सकार'. सुईने टोचल्यासारखं बारीक, खोल भोक असेल तर 'आइस पिक'. बऱ्याच जणांच्या गालावर तिन्ही एकत्र नांदतात, म्हणून एकाच मशीनने सगळं घालवतो म्हणणाऱ्यावर माझा विश्वास नाही. आणि बोट फिरवल्यावर सपाट लागतो तो खड्डा नव्हे, नुसता काळा डाग. तो सनस्क्रीन आणि क्रीमने फिकट होतो. त्यासाठी खड्ड्यांच्या लेसरवर पैसे घालू नका.

मुरूम अजून येत असतील तर आधी ते थांबवायचे, नाहीतर एकीकडे बुजवा आणि दुसरीकडे नवे खड्डे. मेडिकलमधून परस्पर आणलेली 'गोरं होण्याची' ट्यूब लावत असाल तर ती घेऊनच या. अशा कित्येक ट्यूबांत स्टेरॉइड असतं, आणि त्यानेही मुरूम उठतात. मुरमांवरची आयसोट्रेटिनॉइनची गोळी चालू असेल, ओठावर तापाचे फोड (जर) येत असतील, जखमेवर गाठाळ व्रण वाढत असेल, तर न विचारताही सांगा.

उपाय खड्ड्याप्रमाणे. आइस पिकच्या तळापर्यंत लेसर नीट पोचत नाही, तिथे टोकदार काडीने तीव्र टीसीए आम्ल टेकवतात. रोलिंगला आधी सबसिजन, म्हणजे कातडीखाली सुई घालून ते तंतू तोडायचे. आठवडा-दोन आठवडे गाल काळानिळा दिसतो, घाबरू नका. बॉक्सकारला फ्रॅक्शनल सीओटू लेसर. त्याचे 10,600 नॅनोमीटरचे किरण कातडीतलं पाणी शोषून घेतं आणि बारीक बारीक ठिपक्यांत जखमा होतात. मधली कातडी शाबूत राहते, तीच जखमा भरून आणते आणि खाली नवं कोलॅजन, म्हणजे कातडीला भरीव ठेवणारं प्रथिन, तयार होतं. हे काम महिनोन्महिने चालतं, त्यामुळे आठवड्याभरात आरसा तपासून निराश होऊ नका. साधारण तीन-चार सिटिंग, दोहोंत चार ते सहा आठवडे. खड्डे उथळ होतात. कोरी कातडी मिळणार नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगते.

आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीला खरा धोका लेसरनंतर उठणाऱ्या काळपटपणाचा. म्हणून मी मशीनचा जोर कमी ठेवते आणि लागलं तर एक सिटिंग वाढवते. आमच्या सोलापुरात एप्रिल-मेमध्ये स्कूटीवर हिंडणाऱ्या मुलींना तर सरळ पावसाळ्यानंतर या म्हणते. खपल्या साधारण आठवड्यात आपोआप पडतात, नखाने काढायच्या नाहीत. तोवर साधं व्हॅसलीन, नंतर एसपीएफ 30 च्या वरचं सनस्क्रीन, दर दोन-तीन तासांनी. लग्न ठरलं असेल तर शेवटचं सिटिंग हळदीच्या निदान दोन-तीन महिने आधी उरका. ताज्या कातडीवर हळद चोळून घ्यायची नाही, मग आत्याबाई रुसल्या तरी चालेल.

फिलर मी शेवटी ठेवते. सबसिजन आणि लेसरनंतरही जो रोलिंग खड्डा खोल राहतो, त्याच्याखाली हायलुरॉनिक आम्लाची जेल भरतात. फरक लगेच दिसतो, पण सहा महिने ते दीडेक वर्षात ती विरते आणि पुन्हा खर्च. तरी मला हीच बरी वाटते, कारण बिघडलं तर हायलुरॉनिडेज टोचून विरघळवता येते. कायमस्वरूपी सिलिकॉन भरतो म्हणणाऱ्याकडून उठून या.

फिलर पार्लरमध्ये कधीच नाही. डॉक्टर त्वचारोगातले एमडी किंवा डीडीव्हीएल (त्वचारोगाचा डिप्लोमा) आहेत का आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी आहे का, ते बघा. हायलुरॉनिडेज क्लिनिकमध्ये आहे का, हेही बेधडक विचारा. घरी गेल्यावर थोडी सूज चालते. पण जागा पांढरी पडली, जाळीसारखा निळसर रंग उठला किंवा दुखणं वाढत गेलं, तर रक्तवाहिनी तुंबली असण्याची शक्यता असते. सकाळची वाट न बघता त्याच रात्री डॉक्टरांना फोन करा. नजर अंधुक झाली तर फोनवर बोलत बसू नका, थेट मोठं हॉस्पिटल गाठा.