बेळगावात आलात, बंदूकही आणलीत. आता काडतुसं भरायच्या प्रेसचं बघू

कराडहून इथल्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर उभा राहायला आलो, त्याला तीस वर्षं होत आली. इथे बदलून आलेला असो की पेन्शनीनंतर टिळकवाडीत फ्लॅट घेतलेला, परवान्याची बंदूक असली की चहाच्या दुसऱ्या घोटाला माणूस हमखास विचारतो, "काका, काडतुसं परवडत नाहीत. पुंगळ्या घरीच भरायच्या म्हटल्या तर प्रेस कुठला घ्यावा? की इथल्याच फाउंड्रीत ओतून घेऊ?"

प्रेस म्हणजे वापरलेल्या पुंगळीत नवा प्राइमर (बुडाची ठिणगी देणारी टोपी), दारू आणि गोळी बसवायचं हाताने ओढायचं यंत्र. ओतून मिळेल हो. पंपाची बॉडी ओतणाऱ्याला प्रेसची फ्रेम काय जड! पण आधी कायदा ऐका. शस्त्र कायदा १९५९ मध्ये 'दारूगोळा' म्हणजे नुसतं काडतूस नाही. त्याचे सुटे भाग आणि ते बनवायची यंत्रंसुद्धा त्याच व्याख्येत येतात. म्हणजे बाकावर बोल्ट केलेला रिकामा प्रेससुद्धा दारूगोळाच. बनवायला कलम ५ चा वेगळा परवाना लागतो, बंदूक बाळगायचा परवाना तिथे चालत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा किमान सात वर्षं, पुढे जन्मठेपेपर्यंत. तेव्हा ओतकामाचा पॅटर्न (लाकडी नमुना) बनवणाऱ्या पोराला त्यात ओढू नका, आणि अमेरिकेतल्या मुलाला "बॅगेत टाकून आण" असंही सांगू नका.

तिकडचं वेगळं. स्वतःपुरती काडतुसं भरायला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात परवाना लागत नाही. टेक्सासला भाच्याच्या गॅरेजात आठ दिवस मी हेच बघत बसलो होतो, कारण टीव्हीवर काही समजत नव्हतं. त्याने पहिला घेतला सिंगल स्टेज, एका वेळी एकच डाय, म्हणजे पुंगळीला आकार देणारा साचा. हँडल ओढलं की रॅम, म्हणजे पुंगळी धरणारा दांडा, वर जातो, पुंगळी डायमध्ये शिरते, जुना प्राइमर 'टक्' करून खाली पडतो. पुंगळीला वंगण कमी पडलं तर ती डायमध्ये अशी अडकते की शेवटी ड्रिल-टॅप काढावा लागतो. त्या दिवशी माझी किंमत वाढली.

तिथे असता तर मीही तोच घ्या म्हटलं असतं. फ्रेम बिडाची, 'ओ' आकाराची. पुढून उघडी 'सी' फ्रेम जोर लागला की किंचित फाकते. हँडल मी बघत नाही, रॅम धरून हलवतो. खेळ जाणवला तर गोळी वाकडी बसणार. डायचे आटे बहुतेक सगळीकडे ७/८ इंच, १४ टीपीआय (इंचाला १४ आटे), त्यामुळे डाय पुढच्या प्रेसलाही चालतात. दुसऱ्या प्रकारच्या, प्रोग्रेसिव्ह प्रेसमध्ये एका ओढीला सगळे टप्पे एकदम होतात, तासाला शेकड्यांनी माल निघतो. पण पिस्तुलाच्या पुंगळीत दारूचा डोस चुकून दोनदा पडला तरी मावतो, आणि मग पिस्तूल हातात फुटतं. भाचा लाकडी ठोकळ्यात पन्नास पुंगळ्या उभ्या करून टॉर्चने एकेकीत डोकावायचा. त्यातली एक त्याने माझ्यासमोर ओतून रिकामी केली. बोलला काही नाही.

इथे तुमचं पहिलं काम कागदाचं. बंदूक घेऊन राहायला आलात तर ३० दिवसांच्या आत जुन्या आणि नव्या, दोन्ही परवाना अधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. तुमचं घर पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत की ग्रामीणमध्ये, हे आधी जवळच्या पोलीस स्टेशनात विचारून घ्या, नाहीतर डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसच्या पायऱ्या फुकट झिजवाल. अर्ज कन्नडमध्ये करावा, शेजारी कुणीही लिहून देतो. त्याला कुंदा द्या. परवान्यावरचा यूआयएन (परवानाधारकाचा ओळख क्रमांक) तपासा. तीन हत्यारं असतील तर आता दोनचीच मर्यादा आहे, हेही लक्षात असू द्या.

नावाचं मात्र स्वतः बघा. इकडे आडनाव गाळून आद्याक्षरं लावायची सवय. माझ्या आधार कार्डावर पूर्ण नाव, परवान्यावर दोन अक्षरं, आणि तेवढ्यावरून एका कारकुनाने मला चार महिने फिरवला. अर्ज दिल्या जागीच उलटा फिरवून स्पेलिंग वाचा आणि पोचपावतीवर शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.