वायफाय कार्ड घेण्याआधी डबा उघडा

आमच्या दिग्रस-आर्णीकडे दुरुस्तीला येणारे बरेच डेस्कटॉप नागपूर-अमरावतीहून आणलेले, ऑफिसातून निघालेले जुने असतात. मशीन दणकट, पण वायफाय नाही. मग गिऱ्हाईक विचारतं, "भाऊ, मोबाइलवर वायफाय येऊन राह्यलं, कॉम्प्युटरवर काहून नाही?" आयटीआयचा कोपा (कॉम्प्युटर ऑपरेटरचा ट्रेड) किंवा एमएससीआयटी करून दुरुस्तीच्या धंद्यात उतरणाऱ्यांनी हात बसवायला वायफाय कार्ड बसवण्याचं हेच काम घ्यावं, असं माझं मत आहे. स्लॉट (कार्ड बसवायची खाच), ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर), सिग्नल सगळं एकाच कामात शिकून होतं.

आधी कॅबिनेट उघडा, कार्ड नंतर मागवा. आतल्या मदरबोर्डवर पीसीआय एक्सप्रेसचा छोटा एक्स-वन स्लॉट रिकामा आहे का बघा. नसेल तर लांबट एक्स-सिक्स्टीन स्लॉटमध्येही तेच कार्ड चालतं. जुन्या बोर्डावरचा, बहुधा पांढरा, साधा पीसीआय स्लॉट वेगळा. त्यात हे कार्ड बसतच नाही. मशीन बारीक, स्लिम असेल तर कार्डाची मागची, स्क्रू लावायची पट्टी अर्ध्या उंचीची लागते. ती सोबत येते का, हे दुकानदाराला फोनवरच विचारून घ्या. सुटी पट्टी आपल्या गावात मिळत नाही.

बऱ्याच नवीन बोर्डांवर वायफायसाठी एम-डॉट-टू नावाचं छोटं सॉकेट असतं आणि लॅपटॉपमधून निघालेली छोटी कार्डं स्वस्तात मिळतात. इथे नवे लोक हमखास फसतात. इंटेलचं एएक्स२०० आणि एएक्स२०१ दिसायला जवळपास सारखंच. पण २०१चं निम्मं काम इंटेलच्या ठरावीक चिपसेटमधून (बोर्डावरच्या मुख्य चिपमधून) होतं, त्यामुळे एएमडी या दुसऱ्या कंपनीच्या प्रोसेसरच्या किंवा जुन्या बोर्डावर ते चालत नाही. २०० आपल्या पायावर उभं असतं.

बसवणं म्हणाल तर सोपं. वायर काढा, पॉवरचं बटन दाबून उरलेला करंट जाऊ द्या, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडची हवा कोरडी असते, त्यात अंगात स्वेटर. तेव्हा हे विसरू नका. जिनिंगजवळच्या मशीनमध्ये कापसाची रुई अडकलेली सापडते. डबा उघडलाच आहे तर ब्लोअर मारून घ्या, फक्त पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. कार्ड सरळ दाबा, स्क्रू आवळा, अँटेना शेवटी लावा. कार्डात ब्लूटूथ असेल तर सोबतची बारीक केबल बोर्डावरच्या नऊ पिनांच्या यूएसबी जागेत जोडावी लागते. ती राहिली की वायफाय चालतं आणि ब्लूटूथ दिसतच नाही.

खरा वेळ ड्रायव्हर खातो. नेटचा ड्रायव्हर उतरवायला नेट पाहिजे! मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, म्हणजे मोबाइलचं नेट कॉम्प्युटरला मिळतं. विंडोज बहुतेक वेळा ते ओळखतं आणि अपडेटमधून ड्रायव्हर स्वतःच शोधतं. नाही सापडला तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळ्या खुणेवर जाऊन हार्डवेअर आयडी वाचा. त्यातल्या व्हेन (VEN) या अक्षरांनंतर १०ईसी असेल तर चिप रिअलटेकची, ८०८६ असेल तर इंटेलची, १४ई४ असेल तर ब्रॉडकॉमची. कार्डाच्या खोक्यावर काहीही छापलेलं असो, ड्रायव्हर या आकड्यावरून शोधायचा. "ड्रायव्हर अपडेटर" नावाची फुकट सॉफ्टवेअरं गिऱ्हाइकाच्या मशीनमध्ये टाकू नका.

आता सिग्नल. डेस्कटॉप टेबलाखाली, मागे लोखंडी कपाट, वर टिनाचं छप्पर, आणि अँटेना नेमके कॅबिनेटच्या मागे. लोखंडातून सिग्नल नीट जात नाही. वायरवाला, चुंबकाच्या बुडाचा अँटेना असलेलं कार्ड घेतलं तर तो टेबलावर ठेवता येतो. राउटर त्याच खोलीत असेल तर ५ गिगाहर्ट्झ लावा, मधे जाड भिंती असतील तर २.४ बरं, वेग कमी, पण पोच जास्त.

ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या सेवा केंद्रवाल्याला मात्र मी कार्ड विकत नाही. खरिपात पीक विम्याच्या गर्दीत फॉर्म अर्ध्यावर अडकला तर लोक त्याच्या अंगावर येतात. राउटर जवळ असेल तर लॅन केबल ओढून देतो. घरी अभ्यासापुरतं पाहिजे असेल तर वायफायचं यूएसबी डोंगलही पुरतं.

मजुरी सांगताना ड्रायव्हर आणि अँटेनाची जागा आधीच धरून सांगा. नाहीतर गिऱ्हाईक म्हणतं, "एक स्क्रू तर आवळला बापा, त्याचे एवढे?"