शब्दांचं काम करताना गाणं कसं लावावं

गोव्यात म्हार्दोळला घरी बसून मी मराठी पुस्तकांची प्रुफं तपासते. सुरुवातीला नाट्यपदं लावूनच बसायचे, काम भराभर होतंय असं वाटायचं. मग एका पुस्तकात ‘दीन’च्या जागी ‘दिन’ तीन वेळा माझ्या नजरेतून सुटला आणि तसाच छापला गेला. लेखकांचा फोन आला. ते रागावले नाहीत, पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

तेव्हापासून मोजायला लागले. दहा पानं पदं लावून, दहा बासरी लावून, दहा काहीही न लावता. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच पानं परत वाचायची आणि सुटलेल्या चुकीवर हिरव्या पेन्सिलीची खूण. पदांच्या पानांवर हिरवंच हिरवं! तुम्हीही आधी हे करा, कारण गाणं चालू असताना आपलं काम छान चाललंय असंच वाटत राहतं.

असं का होतं? वाचलेला शब्द आपण मनात उच्चारून क्षणभर धरून ठेवतो. ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच या मानसशास्त्रज्ञांनी 1974 मध्ये कार्यकारी स्मृतीची, म्हणजे हातातल्या कामापुरतं क्षणभर लक्षात ठेवण्याची, जी मांडणी केली, तिच्यात ही ध्वनी धरून ठेवणारी जागा आहे. ती फार लहान. कानावर पडणारे शब्द न विचारता तिथेच शिरतात. गाणं आवडीचं असलं म्हणून त्यांना अडवता येत नाही. मी म्हटलं, भाषाच कळली नाही तर? फादो, म्हणजे पोर्तुगीज गाण्यांचा एक प्रकार, लावून पाहिला, हिरव्या खुणा कमी झाल्या पण गेल्या नाहीत. 1976 च्या एका प्रयोगात जर्मन न येणाऱ्यांना जर्मन वाचन ऐकवलं होतं, तरी अक्षरांचा क्रम आठवताना त्यांच्या चुका वाढल्याच.

म्हणून वाचन, लेखन, पाठांतर यांना शब्दांचं गाणं नको. वाद्यसंगीत बऱ्याच जणांना चालतं. मी लहानपणी पेटी शिकले, त्यामुळे बासरीवर ओळखीचा राग आला की माझी बोटं टेबलावर पट्ट्या शोधू लागतात आणि ओळ हातची जाते. तुम्हालाही गाण्याचं अंग असेल तर तानपुऱ्याचं ॲप लावा, आवाज पंख्याच्या वर जाऊ देऊ नका. एकसारखा आवाज मनाला फारसा ओढत नाही. जूनमध्ये कौलांवर पाऊस लागला की मी तेही बंद करते.

गाणं ऐकायचं ते बसण्याआधी. मोझार्ट या युरोपियन संगीतकाराचं संगीत ऐकवलं की बाळं हुशार होतात, असा 1993 च्या एका प्रयोगावरून किती गवगवा झाला! त्यात बाळं नव्हती, कॉलेजची मुलं होती. दहा मिनिटं ऐकून आकृत्यांची कोडी थोडी बरी सुटली आणि परिणाम पंधराएक मिनिटांत ओसरला. नंतरच्या अभ्यासकांनी त्याचं श्रेय तरतरीला आणि प्रसन्न मनाला दिलं. ती तरतरी कुठल्याही आवडत्या गाण्याने येते. मी सकाळी चहाबरोबर शास्त्रीय गायिका केसरबाई केरकर लावते. आमच्या फोंडा तालुक्यातल्या केरीच्या त्या. 1977 मध्ये ‘नासा’च्या व्हॉयेजर यानांबरोबर त्यांची भैरवी अंतराळात गेली. बाईंचा आवाज संपला की फोन आतल्या खोलीत आणि मी टेबलावर.

हाताच्या कामाला मात्र मन मोकळं सोडा. मे महिन्यात भिरंडं (कोकमाची फळं) फोडून सोलं वाळत घालताना मी सगळी पदं मोठ्याने लावते, सोबत म्हणतेही. गाणं नसेल तर ते काम संपता संपत नाही.

दहावीतली भाची म्हणते, “मावशी, गाण्याशिवाय माझा अभ्यासच होत नाही गे.” तिला गणिताची सरावाची उदाहरणं गाणं लावून करू देते. इतिहासाला बसली की एक पान गाण्यासह, एक गाण्याविना वाचायला लावते आणि दोन्ही वेळा पुस्तक मिटून आठवेल ते लिहायला सांगते. तिने स्वतःच इयरफोन काढून ठेवले.

चवथीत, म्हणजे गणेशचतुर्थीला, शेजारी घुमट, शामेळ, कासाळे ही आमची वाद्यं सुरू झाली की खिडकी लावून उपयोग नसतो. मी थांबलेल्या ओळीशी पेन्सिलीने आडवी रेघ मारते आणि आरतीला जाते. परत आल्यावर रेघेच्या वरच्या पाच ओळी पुन्हा वाचायच्या, मगच पुढे.