कोडसाठी मोनोस्पेस फॉन्ट निवडताना आणि बसवताना

मोनोस्पेस फॉन्ट म्हणजे प्रत्येक अक्षराला सारखीच रुंदी देणारा फॉन्ट. फॉन्टच्या जाहिरातीत अक्षरे मोठी आणि देखणी दिसतात. कोड मात्र दिवसभर १३-१४ पिक्सेलमध्ये वाचायचा असतो, म्हणून फॉन्टची पारख आपल्याच पडद्यावर आणि त्याच आकारात करावी. त्यासाठी एडिटरमध्ये, म्हणजे कोड लिहिण्याच्या प्रोग्राममध्ये, कोरी फाइल उघडून रोमन लिपीतील लहान एल, मोठा आय, एकचा आकडा आणि उभी रेघ शेजारी-शेजारी टाइप करावी. खालच्या ओळीत शून्य व मोठा ओ, त्याखाली गोल आणि महिरपी कंस, शेवटी स्वल्पविराम आणि पूर्णविराम घ्यावेत. लहान एलच्या पायाशी वळण, मोठ्या आयला वर-खाली आडव्या पट्ट्या आणि शून्याच्या पोटात ठिपका किंवा तिरकी रेघ असेल, तर फॉन्ट पुढच्या विचारास योग्य समजावा. सॅन्स-सेरिफ (अक्षरांच्या टोकांना पट्ट्या नसलेला) म्हणवणाऱ्या फॉन्टमध्ये आयला पट्ट्या असणे नियमाला सोडून आहे खरे, पण येथे शुद्धतेपेक्षा अक्षर ओळखू येणे महत्त्वाचे.

दुसरा प्रश्न रुंदीचा. सोर्स कोड प्रो आणि जेटब्रेन्स मोनो यांत प्रत्येक अक्षर फॉन्टच्या आकाराच्या ०.६ पट जागा घेते, तर इन्कन्सोलाटामध्ये ०.५ पटच. त्यामुळे १४ पिक्सेल आकाराला ८० अक्षरांची ओळ पहिल्या दोहोंत ६७२ पिक्सेल भरते आणि तिसऱ्यात ५६०. दोन फाइली शेजारी उघडून काम करणाऱ्याने हा हिशेब आधीच करावा.

फिरा कोडसारख्या फॉन्टमध्ये लिगेचर असतात, म्हणजे उद्गारचिन्ह आणि बरोबरचे चिन्ह लागोपाठ आले की त्यांच्या जागी ‘बरोबर नाही’ असे एकच जोडचिन्ह दिसते. फाइलीतील मजकूर बदलत नाही आणि जागाही दोन अक्षरांचीच राहते. तरीही नवशिक्यांनी ही सोय बंद ठेवावी असे माझे मत आहे, कारण कोणती कळ दाबली हे पडद्यावरून कळायला हवे. व्हीएस कोड या एडिटरमध्ये ती मुळातच बंद असते.

कोडमध्ये मराठी टिप्पण्या लिहीत असाल तर आणखी एक काळजी घ्यावी: अशा बहुतेक फॉन्टमध्ये देवनागरी नसते, त्यामुळे एडिटर ती अक्षरे दुसऱ्या फॉन्टमधून घेतो आणि रकाने सरकतात. सेटिंगमध्ये मुख्य फॉन्टच्या पुढे स्वल्पविराम देऊन देवनागरी फॉन्टचे नाव लिहिल्यास निदान अक्षरवळण आपल्या पसंतीचे राहते. रकाने जुळवण्याचा हट्ट मात्र सोडावा.

वेब इंटरफेसमध्ये हा फॉन्ट आज्ञा, लॉग, ओळख क्रमांक आणि फाइलींचे मार्ग एवढ्यापुरताच ठेवावा, कारण लांब परिच्छेद त्यात वाचताना दमछाक होते. सीएसएसमध्ये (वेबपानाचे रूप ठरवणाऱ्या भाषेत) आकार स्पष्ट लिहावा. केवळ ‘मोनोस्पेस’ हे सर्वसाधारण नाव दिल्यास ब्राउझर सहसा १६ ऐवजी १३ पिक्सेल धरतात. तक्त्यातले आकडे एकाखाली एक यावेत एवढीच गरज असेल, तर नेहमीच्याच फॉन्टमध्ये समान रुंदीच्या अंकांची सोय आहे का ते पाहावे. असल्यास वेगळा फॉन्ट लागत नाही.