छोट्या मराठी मंडळाला अमेरिकेत ५०१(सी)(३) कसं मिळवायचं

नवीन मंडळ काढलं की कोणीतरी घाबरवतंच, ५०१(सी)(३) म्हणजे धर्मादाय संस्थेची करसूट मिळवायला वकील लागेल, खूप पैसे जातील वगैरे. छोट्या मंडळाला एवढं लागत नाही हो. २०१४ पासून आयआरएसचा (अमेरिकेच्या आयकर खात्याचा) १०२३-ईझेड हा या सुटीच्या अर्जाचा छोटा फॉर्म आहे, पे डॉट गव्ह या सरकारी साइटवर ऑनलाइन भरायचा, फी २७५ डॉलर (मोठ्या १०२३ ची ६००).

आधी आपण त्यात बसतो का बघा. इन्स्ट्रक्शन्समध्ये एलिजिबिलिटी वर्कशीट आहे, एका जरी प्रश्नाला "हो" आलं की ईझेड विसरा. मुख्य अट म्हणजे वर्षाची जमा ५० हजार डॉलरच्या आत, मागची तीन वर्षं आणि पुढच्या तिन्हींचा अंदाज पण, आणि मालमत्ता अडीच लाखांच्या आत. जमा म्हणजे खर्च वजा न करता, ट्रेझरर लोक इथेच गडबडतात. समजा भारतातून नाटक आणलं, ४० हजारांची तिकिटं खपली, विमानं हॉल जेवण यात ३९ गेले, तरी धरायचे ४०च, वर गणपतीची वर्गणी आणि मेंबरशिप आली की गेलात ५० च्या पुढे! शाळांनाही ईझेड चालत नाही, त्यामुळे मराठी शाळा हेच मुख्य काम असेल तर आधी सीपीएला, म्हणजे इथल्या अकाउंटंटला, विचारा.

बसत असाल तर पहिलं स्टेटकडे नॉनप्रॉफिट म्हणून रजिस्टर करा. आर्टिकल्समध्ये (स्थापनेच्या कागदपत्रात) उद्देशाचं कलम हवं, आणि मंडळ बंद पडलं तर उरलेले पैसे मेंबरांत न वाटता दुसऱ्या धर्मादाय कामाला जातील हे पण. नुसतं बायलॉजमध्ये, म्हणजे मंडळाच्या अंतर्गत नियमांत, लिहून भागत नाही. ईझेडला आर्टिकल्स अपलोड करावे लागत नाहीत, ही कलमं आहेत अशी फक्त टिक करायची, म्हणून लोक न वाचताच टिक करतात, पण खाली सही शपथेवर असते बरं का.

मग ईआयएन, म्हणजे मंडळाचा टॅक्स नंबर, आयआरएसच्या साइटवर फुकट मिळतो, पैसे मागणाऱ्या साइटच्या नादी लागू नका. स्थापनेपासून २७ महिन्यांत अर्ज टाकला तर सूट साधारण स्थापनेच्या तारखेपासून धरतात.

आयआरएसचं मंजुरीचं पत्र आलं की काम संपलं असं नाही, दरवर्षी ९९०-एन हा छोटा ऑनलाइन फॉर्म भरायचा, जानेवारी-डिसेंबर वर्ष असेल तर १५ मेपर्यंत. पाच मिनिटांचं काम आहे, पण सलग तीन वर्षं राहिलं की सूट आपोआप रद्द! आणि कमिटी तर सारखी बदलते, म्हणून लॉगिन आणि रिमाइंडर मंडळाच्या ईमेलवर ठेवा, कोणाच्या पर्सनल जीमेलवर नको.