स्वित्झर्लंडच्या ग्रुप टूरवर पाऊस लागला, तर या चुका टाळा

मे-जूनमध्ये युरोपला निघालेल्या मंडळींच्या डोक्यात एक हिशोब पक्का असतो: पावसाळा आपल्याकडे, तिकडे उन्हाळा. हा हिशोब अर्धाच खरा आहे. लुझर्न, एंगेलबर्ग, इंटरलाकेन हा आपल्या ग्रुप टूर्सचा नेहमीचा पट्टा आल्प्सच्या उत्तर बाजूला येतो आणि तिथं वर्षातला सगळ्यात जास्त पाऊस जून ते ऑगस्टमध्येच पडतो. स्वित्झर्लंडचे तीन-चार मुक्काम असतील, तर त्यातला एक दिवस भिजरा निघणार असं घरातूनच धरून निघावं.

वर्षानुवर्षं पैसे साठवून, रजा जुळवून, आई-वडिलांना बरोबर घेऊन आलेल्या माणसाचा तो दिवस वाया जाताना बघवत नाही. टूर मॅनेजर म्हणून मी हे पुन्हा पुन्हा पाहते, म्हणून सविस्तर लिहिते आहे. बहुतेक चुकांचं मूळ एकच असतं. आपण आपल्याकडच्या पावसाची सवय घेऊन आल्प्समध्ये उतरतो.

आपल्या पावसाच्या अंदाजानं कपडे घालणं

आपला पाऊस उबदार असतो. लोणावळ्याला माणूस मुद्दाम भिजतो, गरम भजी खातो आणि अंगावरचे कपडे अंगावरच वाळवत घरी येतो. लुझर्नला जूनमधल्या पावसाळी दिवशी पारा १२-१३ अंशांवर येऊ शकतो. शहर समुद्रसपाटीपासून साधारण ४३५ मीटरवर आहे आणि टिटलिस या बर्फाच्या डोंगरावरचं केबल कारचं वरचं स्टेशन ३,००० मीटरच्या थोडं वर. दर हजार मीटरला तापमान साधारण सहा अंशांनी उतरतं. म्हणजे खाली १२ असेल, तर वर उणे तीन-चार. खाली जो पाऊस पडतोय, तो वर बर्फ होऊन पडतो, भर जूनमध्येसुद्धा. ओल्या कपड्यांनी वर पोहोचलेल्या माणसाला थोड्याच वेळात हुडहुडी भरते. मग समोर कितीही सुंदर काही असलं तरी त्याला फक्त कोचमध्ये जाऊन बसायचं असतं.

जीन्स त्या दिवशी सुटकेसमध्येच राहू द्या. ती घोट्यापाशी भिजली की ओल वर चढत जाते आणि संध्याकाळपर्यंत वाळत नाही. सुती टी-शर्टचंही तेच. पटकन वाळणारी ट्रॅक पँट, आत थर्मल, मध्ये स्वेटर किंवा फ्लीस, वर पाणी न शिरणारं विंडचीटर, असे थर हवेत. साडी नेसणाऱ्या काकू आणि आजींना मी हात जोडून सांगते, पावसाच्या दिवशी पंजाबी ड्रेस आणि आत थर्मल घाला. साडीचा काठ एकदा भिजला की दिवसभर घोट्यांना गार लागत राहतो, आणि बर्फावर चालताना पायात येतो तो वेगळाच.

पायांकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. जाळीच्या कापडाचे स्पोर्ट्स शूज पुण्यात फिरायला उत्तम, पण लुझर्नच्या दगडी फरसबंदीवर अर्ध्या तासात आत पाणी घेतात. जमलं तर जाळी नसलेले, खाली खाचा असलेले बूट आणा. ते नसतील तर निदान मोज्यांचे दोन कोरडे जोड झिपच्या पिशवीत घालून खांद्यावरच्या बॅगेत ठेवा. जेवणाच्या आधी मोजे बदललेला माणूस दुपारनंतर वेगळाच दिसतो.

छत्री शहरात ठीक. डोंगरावर ती उघडूच नका. वाऱ्यानं उलटते आणि काड्या शेजारच्याच्या डोळ्यापर्यंत जातात. टूर कंपनीनं दिलेला पातळ प्लास्टिकचा पोंचोही सरोवरातल्या बोटीपुरता. वर वारा असेल तर तो अंगावर राहत नाही.

गरम कपडे डिकीत ठेवणं

ही चूक सगळ्यात जास्त होते आणि टाळायला सगळ्यात सोपी आहे. हॉटेल बदलायच्या दिवशी सुटकेसा सकाळी कोचच्या डिकीत जातात. चाळीस जणांच्या बॅगा एकावर एक रचलेल्या असतात. पार्किंगमध्ये पावसात उभं राहून "माझी निळी बॅग काढा हो, त्यात जॅकेट आहे" असं कुणी म्हटलं, तर चालक बहुधा नाहीच म्हणणार आणि त्याचं बरोबर असतं. जॅकेट, कानटोपी, हातमोजे, कोरडे मोजे, औषधं आणि चष्म्याचा डबा हे सगळं रात्रीच हातातल्या बॅगेत गेलं पाहिजे. आकाश निरभ्र असलं तरीसुद्धा.

खिडकीतून बाहेर बघून डोंगराचा निकाल लावणं

सकाळी पडदा सरकवला, बाहेर सगळं राखाडी, आणि नाश्त्याच्या टेबलावर चर्चा सुरू होते: "आज वर काय दिसणार? पैसे वाया." खोलीच्या खिडकीतून दिसतो तो खोऱ्यातला ढग. तीन हजार मीटरवर काय चाललंय हे त्यावरून कळत नाही. कधी ढगाचा थर खालीच अडकलेला असतो आणि गोंडोला (तारेवरून वर नेणारी बंद केबिन) त्यातून बाहेर पडली की वर लख्ख ऊन असतं. कधी याच्या बरोब्बर उलट, एंगेलबर्गला ऊन आणि माथा ढगात बुडालेला.

खरं उत्तर कॅमेऱ्यावर मिळतं. टिटलिस आणि ट्रेननं वर जायचं युंगफ्राउयोख या दोन्ही डोंगरी ठिकाणांच्या अधिकृत संकेतस्थळांवर माथ्यावरचं थेट चित्र दिसतं. डोंगराळ भागातल्या बऱ्याच हॉटेलांत ते टीव्हीवरही लावलेलं असतं. त्याच्या जोडीला मेटिओस्विस या सरकारी हवामान संस्थेचं मोफत ॲप घ्या. त्यातल्या पावसाच्या नकाशावर ढग कुठून कुठे सरकतोय हे दिसतं. आपल्या हवामानाच्या सवयीनं "आज दिवसभर झड लागणार" असं म्हणू नका. तिथं दोन तास कोसळून तिसऱ्या तासाला उघडणं नेहमीचं आहे. उन्हाळ्यात विजांचा पाऊस बहुतेक वेळा दुपारनंतर येतो, म्हणून सकाळ कोरडी असेल तर डोंगर आधी आणि शहर नंतर.

दोन्ही डोंगरांचा स्वभावही वेगळा आहे. टिटलिसला एंगेलबर्गहून गोंडोलानं आणि शेवटच्या टप्प्यात रोटेअर या स्वतःभोवती फिरणाऱ्या केबल कारनं जायचं असतं. ही १९९२ मध्ये सुरू झाली आणि तशी जगातली पहिली. पावसानं तिचं काही अडत नाही, मात्र जोराचा वारा सुटला की ती थांबवतात आणि त्यात कुणाची ओळख चालत नाही. युंगफ्राउयोखच्या ट्रेनचा शेवटचा मोठा टप्पा डोंगराच्या पोटातल्या बोगद्यातून जातो, त्यामुळे खराब हवेत ती सहसा चालू राहते. १९१२ पासून ती ३,४५४ मीटरवर माणसं पोहोचवते आहे. वर ढग असतील तर ‘आलेच’ नावाच्या हिमनदीचं विहंगम दृश्य मात्र दिसणार नाही. तेव्हा बर्फाच्या गुहेला घाईघाईत दहा मिनिटं देऊन उपाहारगृहात बसू नका. ढग फाटायला पाच मिनिटं पुरतात, अधूनमधून बाहेर डोकावत राहा. एवढ्या उंचीवर हवा विरळ असते. उशीर झाला म्हणून पळणं, भराभर जिने चढणं टाळा. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असलेल्यांनी जायच्या आधी डॉक्टरांशी बोललेलं असावं.

पैशांबद्दल एक गोष्ट आधीच समजून घ्या. ढगांमुळे दृश्य दिसलं नाही, तर तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत. केबल कारच बंद पडली तर काय द्यायचं, हे टूर कंपनीच्या अटींमध्ये लिहिलेलं असतं. ते बुकिंग करतानाच वाचा. पार्किंगमध्ये त्यावर वाद घालण्यात गेलेला तास कुणालाच परत मिळत नाही.

"आजचं उद्या करू" हे सकाळी साडेआठला सांगणं

कार्यक्रम बदलता येतो, पण कोचमध्ये बसल्यावर फार क्वचित. डोंगराची वेळ, भारतीय जेवणाचं रेस्टॉरंट, लोकल गाइड, सगळं ग्रुपच्या नावानं आधीच ठरलेलं असतं. शिवाय युरोपात कोचचा चालक दिवसाला नऊ तास गाडी चालवू शकतो, आठवड्यातून दोनदा दहा. साडेचार तास चालवलं की पाऊण तास विश्रांती सक्तीची. रात्रीचा विसावा साधारण ११ तासांचा, तो फार तर काही वेळा नऊवर आणता येतो. गाडीतलं टॅकोग्राफ यंत्र हे सगळं नोंदवतं आणि पोलीस ते तपासतात. "चालकाला थोडे जास्त पैसे देऊ, पण जाऊया" हे तिथं चालत नाही, चालूही नये.

एकाच हॉटेलात दोन रात्री असतील तर अदलाबदल शक्य असते. आदल्या दिवशी संध्याकाळी जेवताना टूर मॅनेजरला विचारा: "उद्याचा अंदाज खराब दिसतोय, लुझर्न उद्या आणि टिटलिस परवा होईल का?" तेव्हा फोन करायला वेळ असतो. एका माणसानं सगळ्यांच्या वतीनं विचारावं. पंधरा जणांनी पंधरा तऱ्हेनं विचारलं की ग्रुपमध्येच दोन तट पडतात.

हॉटेलवर बसून राहणं, किंवा "मग शॉपिंगला न्या"

रविवार असेल तर शॉपिंगचा बेत फसतो. स्वित्झर्लंडमध्ये रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात. मोठ्या रेल्वे स्टेशनांतली आणि काही पर्यटकांसाठीची दुकानं तेवढी उघडी मिळतात.

आणि बसून राहायचं कशाला? पावसात उलट खुलणाऱ्या जागा तिथं आहेत. लाउटरब्रुनेनच्या खोऱ्यातला ट्रुमेलबाख धबधबा डोंगराच्या आत आहे. आयगर, म्योंख आणि युंगफ्राउ या तिन्ही शिखरांच्या हिमनद्यांचं पाणी दहा टप्प्यांत कडा कोरत खाली कोसळतं, जोर असेल तेव्हा सेकंदाला २०,००० लिटरपर्यंत. आवाजानं छातीत धडधडतं. बोगद्यातली लिफ्ट बरीचशी चढण वाचवते, पण पायऱ्या ओल्या आणि निसरड्या असतात, अंगावर तुषार येतातच. चार वर्षांखालच्या मुलांना आत सोडत नाहीत, ते लहान मुलं असलेल्यांनी लक्षात ठेवावं. सह्याद्रीतले धबधबे पाहिलेला माणूसही इथं गप्प होतो, आणि टूरच्या कार्यक्रमात हा धबधबा नसेल तर मोकळ्या वेळेसाठी तो मी पहिला सुचवेन. शाफहाउझेनजवळचा ऱ्हाइन धबधबा १५० मीटर रुंद आणि २३ मीटर उंच आहे. पावसानं त्याचं काहीच बिघडत नाही.

लुझर्नमधला कापेलब्र्युके हा चौदाव्या शतकातला लाकडी पूल वरून छताचा आहे. घाईत फोटो काढून पळणाऱ्यांना वर बघायला वेळ नसतो. छताखालच्या त्रिकोणी चौकटींत जुनी चित्रं आहेत, आणि १९९३ च्या आगीत बरीच चित्रं जळाल्यामुळे काही चौकटी काळ्या किंवा रिकाम्या दिसतात. पाऊस पडत असताना तिथं थांबून ती निवांत बघता येतात. नातवंडं बरोबर असतील तर त्याच शहरातलं वाहतूक संग्रहालय घ्या. १९५९ पासूनचं आहे, आत आगगाड्या, विमानं, मोटारी. अर्धा दिवस कमी पडतो.

हूड ओढून घोळक्यात चालणं

पावसात ग्रुप फुटतो. टूर कंपनीचा रेनकोट सगळ्यांचा एकाच रंगाचा, त्यावर हूड, त्यामुळे मागून सगळे सारखेच दिसतात. गाइडनं उंच धरलेली छत्री इतर पन्नास छत्र्यांत हरवते. हूडखाली गाइडचं बोलणं ऐकू येत नाही आणि रस्ता ओलांडताना ट्रामही ऐकू येत नाही. कानटोपी घालून हूड थोडा मागे ठेवा. आई-वडिलांच्या बॅगेला एखादी भडक रंगाची ओढणी बांधा. कोचमधून उतरल्यावर परत भेटायच्या जागेचा फोटो काढून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका. भेटायची जागा छताखालची ठरवून घ्या, उघड्या चौकात चाळीस माणसं वाट बघत भिजत उभी राहतात. आणि पावसाच्या दिवशी वेळेच्या दहा मिनिटं आधी या. प्रत्येकाला रेनकोट काढून, झटकून, पिशवीत भरून चढायला वेळ लागतो.

पासपोर्ट रेनकोटच्या खिशात

रेनकोटचे बाहेरचे खिसे पाणी आत घेतात. भिजून पानं फुगलेला, व्हिसाचं स्टिकर सुटलेला पासपोर्ट विमानतळावर अडवला जाऊ शकतो. मग बर्नमधल्या भारतीय दूतावासाची वारी आणि पुढचे मुक्काम हुकलेले. पासपोर्ट झिपच्या पिशवीत, कपड्यांच्या आत, गळ्यातल्या पाउचमध्ये. त्याच्या आणि व्हिसाच्या पानांचा फोटो फोनमध्ये आणि घरी कुणाकडे तरी.

फोनच्या चार्जिंगच्या भोकात पाणी गेलं तर लगेच चार्जर लावू नका आणि फोन तांदळातही पुरू नका, दाणे आणि भुकटी आत जाते. भोक खाली करून हलकेच झटका आणि हवेशीर ठेवा. थंडीतून उबदार जागेत येताना कॅमेऱ्यावर वाफ धरते, म्हणून तो बाहेर असतानाच बंद पिशवीत घाला आणि पाऊण-एक तासानं काढा.

ओले बूट तसेच कॉटखाली सरकवणं

उन्हाळ्यात बऱ्याच हॉटेलांत हीटर बंद असतात, त्यामुळे बूट आपोआप वाळत नाहीत. आतले तळवे बाहेर काढा, बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तासाभरानं ते बदला. रिसेप्शनवर जुना पेपर मागितला तर आनंदानं देतात. मोजे आधी कोरड्या टॉवेलात गुंडाळून पिळा, मग बाथरूममधल्या टॉवेलच्या दांडीवर पसरा. हेअर ड्रायर बुटात कोंबून चालू ठेवू नका, तो तापून बंद पडतो. सकाळी हॉटेल सोडायचं असेल तर अर्धवट ओले कपडे वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून सुटकेसमध्ये वरच ठेवा, म्हणजे पुढच्या हॉटेलात पोहोचल्याबरोबर काढून वाळत घालता येतील.